सतरा रंगीत चौकोन आणि आमची सहा माणसांची संस्था: खूण नक्की कुठं करायची?

कृष्णाकाठची_कारकून

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

वाळवा तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत मी हिशेब, पत्रं, अहवाल असं सगळं बघते. आम्ही सहा माणसं आणि एक जुनी व्हॅन, जी चढावर आम्हाला उतरवते. काम ऊसतोड टोळ्यांच्या पोरांचं. दिवाळीच्या मागंपुढं बीडकडनं टोळ्या येतात, आपल्याच जत-आटपाडी-माण पट्ट्यातनंही येतात. कारखान्याच्या हद्दीत खोपी पडतात, मार्चपर्यंत मुक्काम. आईबाप पहाटे फडात, पोरं खोपीत नाहीतर वाढ्याच्या भाऱ्यावर. आम्ही त्या पोरांना अंगणवाडीत बसवतो, वजन-उंची बघतो, डोस चुकू नयेत म्हणून मागं लागतो. झेपेल तेवढं.

यंदा एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठी काढलेल्या पैशातून) मदत मिळेल असं दिसतंय. त्यांनी एक तक्ता पाठवलाय. त्यात संयुक्त राष्ट्रांची सतरा शाश्वत विकास ध्येयं, रंगीत चौकोनांत, आणि प्रत्येकासमोर 'आपल्या संस्थेचे योगदान'. मी पहिल्या दिवशी उत्साहात अकरा चौकोनांवर खुणा केल्या. आमच्या अध्यक्षांनी (त्यांना सगळे आण्णा म्हणतात) चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हवामानबदलावर आपण काय केलं गं?" मी म्हटलं, तीन वर्षांमागं झाडं लावली होती. "त्यातली जगली किती?" मी खूण पुसली.

तर प्रश्न असा: पन्नाससाठ पोरांच्या मागं धावणाऱ्या संस्थेनं जगाच्या ध्येयांच्या तक्त्यात काय लिहावं? आणि खरं विचारायचं तर, आमचा आणि त्या सतरा चौकोनांचा काही संबंध आहे का? मदत पाहिजे, पण खोटं लिहायचं नाही. पुढच्या आठवड्यात पाठवायचंय.

---

शंकेखोर_पुणेकर

संबंध नाही. २००० साली आठ ध्येयं होती, मुदत २०१५. ती संपली तशी सतरा झाली, मुदत २०३०. त्यानंतर पंचवीस होतील. न्यूयॉर्कला ठराव होतो, मुंबईत गुळगुळीत कागदावर छापला जातो आणि वाळव्यातल्या ताईंना रात्री जागून रंग जुळवत बसावं लागतं. बिनधास्त अकरा खुणा करा. वाचणार कोण आहे?

---

विश्रामबागचा_हिशेबनीस

वाचतात हो. मी सांगलीत काही संस्थांचं ऑडिट करतो, त्या अनुभवावरनं लिहितो.

ताई, आधी हे समजून घ्या की कंपनी हे का मागते. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची. कुठल्या कामावर, ते त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात या ध्येयांचा उल्लेख येतो तो विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना द्यायच्या पैशाच्या संदर्भात, तुमच्यासारख्या कामाला नाही. म्हणजे कायद्यानं तुमच्याकडून ही खूण कुणी मागू शकत नाही.

पण शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून दरवर्षी जबाबदारीचा आणि शाश्वततेचा वेगळा अहवाल सक्तीचा केलाय. परदेशी गुंतवणूकदार तो वाचतात. त्यांना वाळवा कुठं आहे ते माहीत नसतं, 'ध्येय क्रमांक ३' (आरोग्य) मात्र कळतं. म्हणून तुमचं काम त्या भाषेत लिहून मागतात. गाव बदललं की गव्हाचं माप बदलतं, तसंच हे.

आता अकरा खुणांचं. प्रकल्प एक कोटी किंवा त्याहून मोठा असेल आणि कंपनीची सीएसआरची रक्कम सरासरी दहा कोटी किंवा त्याच्या वर असेल, तर तिला बाहेरच्या माणसाकडून परिणामांचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. तुमचा प्रकल्प त्यात बसायचा नाही, पण कंपनीची माणसं त्या सवयीची असतात. ती येतात आणि विचारतात, "याचा कागद कुठाय?" अकरा खुणांचे अकरा कागद काढत बसाल.

जाता जाता: सीएसआर-१ क्रमांक (सीएसआरचा पैसा घ्यायला लागणारी नोंदणी), १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) ताजे आहेत का ते बघून ठेवा. आयकराच्या नोंदण्यांना ठराविक वर्षांनी नूतनीकरण असतं, आणि ऐनवेळी तेच नडतं.

---

शंकेखोर_पुणेकर

म्हणजे मी म्हटलं तेच. भाषांतराचं काम आहे.

---

माणदेशी_गडी

पुणेकर, भाषांतर म्हणा, पण आमच्याकडं हे काम मूळ भाषेत आधीच झालंय, ते तरी बघा. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. म्हसवडला १९९७ साली बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढली. आधी परवाना नाकारला होता, का तर सभासद अंगठा लावतात. बायका लिहायला शिकल्या आणि परत गेल्या. तेव्हा सतरा ध्येयं सोडा, आठसुद्धा नव्हती.

सांगलीकडं येरळा नदीवर बलवडीजवळचं बळीराजा धरण बघा. १९८०च्या दशकात लोकांनी नदीतली वाळू थोडी विकून पैसा उभा केला आणि धरण बांधलं. पाण्याचा वाटा ज्याला जमीन नाही त्यालाही मिळाला पाहिजे, ही त्यांची मागणी होती. तुमच्या तक्त्यात पाण्याला सहावा चौकोन आणि विषमतेला दहावा. बलवडीच्या लोकांनी दोन्ही एकाच भिंतीत बांधले.

पण कारकूनताई, एक सावधगिरी. २०१६ला पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं पहिला नंबर काढला. ते खरं श्रमदान होतं, शंका नाही. त्यानंतर मात्र जो उठेल तो चरांची लांबी अहवालात लिहायला लागला. किती मीटर चर खणले, किती बांध घातले. विहिरीत उन्हाळ्यात पाणी किती राहिलं, ते लिहिताना पेन थांबतं. कारण पाणी दिसलं की शेजारी बोअर पडते आणि ऊस लागतो. तुम्ही तेवढी चूक करू नका. 'अमुक शिबिरं घेतली' लिहू नका. शिबिरानं पोराचं वजन वाढत नाही.

---

आशा_सेविका_पलूस

ताई मी लिहू का, मला नीट टाइप करता येत नाही.

खोपीवरच्या पोरांच्या दंडाला आम्ही ती रंगीत पट्टी लावतो. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आलं की लाल, साडेबाराच्या खाली पिवळं. ते एका मिनटात होतं. पण लिहायचं कुठं? माझ्या रजिस्टरला माझ्या गावची पोरं. ही पोरं त्यांच्या गावच्या रजिस्टरला. तिथं लिवलेलं असतं 'बाहेरगावी'. माझ्याकडं लिवलेलं असतं 'बाहेरची'. आता मोबाईलच्या ॲपात बाहेरची पोरं घ्यायची सोय हाय, पण आईचा फोन बापाकडं आन् बाप फडात. ओटीपी कोण सांगणार.

माझं गाव लसीकरणात शंभर टक्के. त्यांचं गावबी शंभर टक्के. पोरगं मात्र नऊ महिन्याच्या गोवराच्या डोसाविना.

---

कृष्णाकाठची_कारकून

आशाताई, तुम्ही टाइप केलंत त्यातली शेवटची ओळ मी आण्णांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हे तक्त्यात लिहायला कुठला चौकोन आहे विचार.

---

सेवानिवृत्त_ग्रामसेवक

नमस्कार. ३१ वर्षं नोकरी, सगळी सांगली जिल्ह्यात, शेवटची सात जतला. (आता या हुद्द्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. आम्ही घरी बसल्यावर नाव मोठं झालं.)

पुणेकरांनी 'न्यूयॉर्कचा ठराव' म्हटलं, ते अर्धंच खरं. २५ सप्टेंबर २०१५ला तो ठराव झाला, सतरा ध्येयं आणि त्यांखाली १६९ लक्ष्यं. पण पंचायतराज मंत्रालयानं त्या सतरांच्या नऊ संकल्पना करून ग्रामपंचायतीच्या आराखड्याला जोडल्यात. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव, महिलास्नेही गाव, अशा. तुम्ही ज्या गावात काम करता त्याच्या आराखड्यात यातली एखादी निवडलेली असणार. तो आराखडा मागून घ्या, ग्रामपंचायतीत मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा त्यावरच खर्ची पडायचा: ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, आणि ४० टक्के अबंधित.

आता मुद्द्याचं बोलतो. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि ३१ जानेवारीपर्यंत चालते. जतमधल्या माझ्या गावात २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला लोक असायचे, पण लक्ष मुकादमाच्या उचलीकडं. नोव्हेंबरात अर्धं गाव कोयता घेऊन तुमच्याकडं. २६ जानेवारीची ग्रामसभा मी सात वर्षं म्हाताऱ्यांसमोर घेतली. कोरम भरत नाही म्हणून तहकूब, मग तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून मंजूर. कागद नियमात होता. ऊसतोड माणसं गावात असतात १ मे आणि १५ ऑगस्टला. तोवर आराखडा अपलोड झालेला. मुक्कामाच्या गावात तर ती मतदारही नाहीत. म्हणजे दोन गावांच्या दोन आराखड्यांत मिळून त्यांची ओळ शून्य.

या ध्येयांचं ब्रीद आहे 'कुणीही मागे राहू नये'. मागं राहिलेला मोजणीत धरलाच नाही, तर मागं कुणी राहिलंय हे दिसणार कसं? तुमच्या संस्थेचं काम पन्नास पोरं 'वाढवणं' नाही. दोन्ही गावांनी सोडून दिलेली पन्नास पोरं कागदावर आणणं, हे काम आहे.

आता एक प्रश्न विचारतो, रागवू नका. हंगामात टोळ्यांत बाळंतपणं होतात. दवाखान्यात झालं तर नोंद दवाखाना कळवतो. खोपीत झालं तर नोंद कोण करतं?

---

कृष्णाकाठची_कारकून

काका, दोन दिवस उत्तर द्यायला धजले नाही.

गेल्या हंगामात, जानेवारीत, एका फडाशेजारी पहाटे बाळंतपण झालं. १०८ येईपर्यंत बाळ झालं होतं. आमची ताई सकाळी पोचली, आईला आणि बाळाला उपकेंद्रात नेलं, डोस दिला, वजन घेतलं. आमच्या अहवालात 'सुरक्षित माता व बालक' म्हणून त्याची ओळसुद्धा आहे. मुलीचा बाप म्हणाला, जन्माचा दाखला गावाकडं काढतो. आम्ही बरं म्हटलं.

परवा त्यांना फोन केला. गावी गेल्यावर तिथं सांगितलं, जन्म इकडं झालाय, नोंद तिकडंच होणार. मग पेरण्या आल्या, मग राहून गेलं. पोरगी आता वर्षाची होईल. तिचं वजन, उंची, दंडाचं माप सगळं माझ्याकडं आहे. फक्त ती जन्मली याचा कागद नाही. चूक आमचीच. ज्या गावात जन्म, त्या गावात नोंद, एवढंही आम्हाला ठाऊक नव्हतं.

---

सेवानिवृत्त_ग्रामसेवक

अजून वर्ष व्हायचंय ना? मग उद्याच हाला. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९: २१ दिवसांत कळवलं तर फुकट. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यापुढं वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश, आणि तिथून पुढं त्या बापाच्या किती मजुऱ्या बुडतील ते मी सांगत नाही.

आणि हे नुसतं दाखल्यापुरतं नाही. २०२३ला कायद्यात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ला आणि त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सगळीकडं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला. पूर्वी हेडमास्तर अंदाजानं १ जून लिहायचे. (आमच्या पिढीत अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय.) ते दिवस संपले.

तुम्हाला चौकोन हवा होता. सोळावा. त्याखालचं लक्ष्य १६.९: २०३० पर्यंत प्रत्येकाला कायदेशीर ओळख, जन्मनोंदणीसह. पाच वर्षांखालच्या किती मुलांचा जन्म नोंदलाय, यावर ते मोजतात. न्यूयॉर्कमध्ये जो आकडा बघतात तो काही घरोघरच्या पाहण्यांतनं येतो, काही नोंदणीच्या रजिस्टरांतनं. पण खोपीतल्या जन्माची नोंद व्हायची ती ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू रजिस्टरातच.

---

सातारची_लेक

ग्रामसेवक काकांच्या बोलण्यावरून 'नकुसा' आठवल्या. २०११च्या ऑक्टोबरात साताऱ्यात जिल्हा परिषदेनं २८५ मुलींची नावं बदलली. सगळ्यांचं आधीचं नाव नकुसा किंवा नकोशी. त्यांचा जन्म नोंदलेला होता, पण नोंदीतच 'नको' लिहिलेलं.

पुणेकर, गावातलं काम आणि संयुक्त राष्ट्रं यांचा संबंध विचारत होतात ना? याच जिल्ह्यात ॲड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळानं सोनोग्राफी केंद्रांवर गर्भवती बायकांच्या मदतीनं सापळे लावले, गर्भलिंगनिदानाचे खटले उभे केले. कायदा १९९४चा होताच, त्याला दात यांनी बसवले. २०२५चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. त्या कधी चौकोन रंगवत बसल्या असतील असं वाटत नाही.

---

शंकेखोर_पुणेकर

अर्धी माघार घेतो. पण उरलेली अर्धी शंका ठेवू द्या. देशात दरवर्षी दोन कोटींच्या वर बाळं जन्मतात. वाळव्यातल्या चार नोंदींनी टक्केवारीचा दशांशसुद्धा हलणार नाही. मग याला 'जागतिक ध्येयातलं योगदान' म्हणणं म्हणजे कृष्णेत तांब्या ओतून पूर आला म्हणण्यासारखं नाही का?

---

माणदेशी_गडी

पुराचं सांगलीकरांना सांगू नका राव.

---

विश्रामबागचा_हिशेबनीस

पुणेकरांची शंका रास्त आहे, म्हणून लिहिताना 'योगदान' हा शब्द जपून वापरा. माझी सूचना: आधी छेद लिहा, मग अंश. 'आमच्या तळांवर हंगामात इतके जन्म झाले, त्यातले इतके २१ दिवसांत नोंदले.' छेद चार असेल तर चार लिहा. चारातले चार हा आकडा चारशे लाभार्थ्यांपेक्षा जड असतो, कारण तो तपासता येतो. पुढच्या वर्षी चारातले दोन झाले, तर तेही लिहा.

आणि देशाचा दशांश हलवायचा असेल तर तो तुम्ही हलवायचा नाही. कारखान्याच्या चिटबॉयकडं (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाकडं) प्रत्येक टोळीची यादी असते. त्या यादीत 'खोपीत जन्म' असा एक रकाना वाढवायला लावा. तो कारखान्याला लागू झाला की बाकीचे कारखाने बघतील. संस्थेनं चार नोंदींचा अनुभव द्यायचा, रकाना व्यवस्थेनं वाढवायचा.

---

आशा_सेविका_पलूस

चिटबॉय आमच्या भावकीतला हाय, मी बोलते. मुकादमालाबी सांगायला पायजे. मुकादम म्हणला तर बाई फडातनं सुटती, न्हायतर न्हाई.

---

सातारची_लेक

कारकूनताई, पाचव्या, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेच्या चौकोनाचं काय करताय? टोळीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. जोडी झाली की उचल वाढते, म्हणून पोरींची लग्नं लवकर लागतात. बालविवाह हे ५.३ खाली येतं. तुमच्या तळांवर दिसत असणार.

---

कृष्णाकाठची_कारकून

दिसतं. पंधरासोळा वर्षांच्या पोरी कडेवर पोर घेऊन पट्टी लावायला येतात. त्यावर आम्ही काहीही केलेलं नाही. वय विचारलं तर 'अठरा' सांगतात, आम्ही अठरा लिहितो. तिथं कशी खूण करू?

---

कृष्णाकाठची_कारकून

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, हालहवाल द्यायची राहिली.

गेल्या वर्षीच्या त्या मुलीचा अर्ज दाखल झाला. वर्ष पुरं व्हायला थोडेच दिवस होते. तिचा बाप एक दिवसाची मजुरी बुडवून आला, आण्णा आणि आमची ताई साक्षीला. परवानगीचा कागद वर गेलाय, अजून परत आलेला नाही. ग्रामसेवक काका, तुमचं नाव न घेता तुमची सगळी कलमं तिथं म्हणून दाखवली. समोरच्या माणसानं चहा सांगितला, म्हणजे बरोबरच असणार.

तक्ता पाठवला. अकराच्या जागी दोन खुणा. तीनवर लसीकरणाची, छेदासकट. सोळावर जन्मनोंदणीची, गेल्या वर्षीचं 'एकातले शून्य' असं लिहून. आण्णा म्हणाले, शून्य लिहिल्यावर पैसे येतील का? मी म्हटलं, झाडं किती जगली ते तुम्हीच विचारलं होतंत.

कंपनीतल्या बाईंचा फोन आला. सोळावा चौकोन त्यांनी पहिल्यांदाच भरलेला बघितला म्हणे, बहुतेक जण रिकामा सोडतात. पाचव्यावर खूण केली तर बरं होईल, त्याला आमच्याकडं मागणी जास्त असते, असंही म्हणाल्या. त्यांना म्हटलं, यंदा नाही. पैशांचं अजून कळलेलं नाही.

चिटबॉयनं यादीत रकाना वाढवलाय, पेनानं, कडेला. कारखान्याच्या छापील नमुन्यात नाही. आशाताई, तुमची भावकी कामाला आली.

आणि यंदाचं पहिलं बाळ गेल्या मंगळवारी झालं, खोपीतच, मुलगा. आठव्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो. रजिस्टर काढलं, आईचं नाव, बापाचं नाव, जन्माचं ठिकाण म्हणून फडाचा गट नंबर. बाळाचं नाव विचारलं तर बापानं मान हलवली. बारसं गावाकडं, आत्याशिवाय नाव ठेवत नाहीत, आणि आत्या दुसऱ्या कारखान्याच्या टोळीत. मला वाटलं, परत अडलं. पण नावाशिवायही जन्म नोंदवता येतो म्हणे, नाव वर्षाच्या आत फुकट घालता येतं. नावाचा रकाना कोरा ठेवून सही झाली.

टोळी उठली की आत्याचा फोन घेऊन ठेवायचाय.